तीन पैशांचं नाणं सरकारने का काढलं आणि ते बंद का झालं?

आजोबांच्या डब्यात सापडलेलं हे षट्कोनी नाणं मुळात का पाडलं आणि आज त्याचे लाखो मिळतात का, असं तुम्ही विचारलंय.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. बाजारात मात्र तोंडी आणाच होता. चार आणे म्हणजे बरोबर २५, आठ आणे ५०, इथवर ठीक. पण एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे आणि अर्धा आणा तीनपेक्षा किंचित जास्त. व्यवहारात त्याचे ६ आणि ३ धरले गेले. १९६४ च्या जूनमध्ये ‘नवे’ हा शब्द गेला आणि त्याच वर्षी तीन पैशांचं नाणं आलं. एक, दोन, पाच पैसे खिशात असताना हिशेबाला तीनची गरज नव्हती. माझ्या मते ते अर्ध्या आण्याच्या सवयीसाठीच होतं. दोन ठेवले की झाला आणा!

त्याचं खरं महत्त्व धातूत आहे. महागाईमुळे कांस्य आणि निकेलची चिल्लर परवडेना, तेव्हा ॲल्युमिनियमकडे वळण्याची सुरुवात याच नाण्यापासून झाली. वजन जेमतेम सव्वा ग्रॅम. मग १९६५ मध्ये एक आणि दोन पैसे, १९६७ मध्ये पाच, १९७१ मध्ये दहा पैसे त्याच वाटेने गेले. पण किमती वाढतच राहिल्या आणि नाणं पाडण्याचा खर्चच डोईजड झाला. १९७१ नंतर तीन पैसे चलनासाठी पाडले गेले नाहीत. कायद्याने मात्र ३० जून २०११ पर्यंत ते चालत होतं. त्या दिवशी २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी रद्द झाली.

किमतीचं म्हणाल तर ही नाणी भरपूर पाडली गेली, त्यामुळे दुर्मिळ नाहीत. सालाखाली भिंगातून बघा: बारीक हिरा किंवा ठिपका असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. ऑनलाइन लाखोंची बोली दाखवून कुणी आधी फी किंवा कर मागितला, तर कृपा करून एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी फसवणूक होते आणि बँकेनेच २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता.

आणि हो, चिंच-लिंबाने घासू नका. घासलेलं नाणं संग्राहक घेत नाहीत.