नाळेजवळ पट्टी तडकते

प्रश्न : किटमधून लाकडी गलबताचं छोटं मॉडेल बांधतोय. नाळेकडे, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाकडे, वाकवताना १ मिमी जाडीच्या पट्ट्या तडकतात. काय करू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, कोरडी पट्टी वाकवूच नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, लाकूड पापडासारखं कडक होतं. मी पट्टी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवते, मग सांगाड्यावर टाचण्यांनी अडकवून रात्रभर वाळवते. ओली असताना चिकटवू नका. वाळताना ती आक्रसते. माझ्या पहिल्या गलबताला अशाच फटी पडल्या, फार वाईट वाटलं होतं. त्या मी त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरल्या. नाळेकडचं टोक निमुळतं तासा. आणि एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडेच, नाहीतर कणा पिळतो.