भूत असतं का? एका वायरमनचं उत्तर

तुमचा प्रश्न असा: नोकरीसाठी पुण्याहून गोव्यात आलात, फोंड्याच्या बाजूला जुनं कौलारू घर भाड्याने घेतलंत. आता रात्री बंद केलेला दिवा मधूनच लुकलुकतो, माळ्यावर कोणी चालल्यासारखं वाटतं, आणि झोपेत छातीवर कोणीतरी बसल्याचा अनुभव आला. शेजारी म्हणतात, त्या घरात 'आहे काहीतरी'. तर भूत खरंच असतं का, आणि घर सोडावं का?

मी याच तालुक्यात घरांचं वायरिंग करतो. भूतबाधेसाठी मला कोणी बोलावत नाही, पण दिवा आपोआप लागायला लागला की घाडी (भूतबाधा उतरवणारा) येऊन गेल्यावर का होईना, वायरमन आठवतोच.

बाकीचं सांगण्याआधी एक विचारतो. न्हाणीघरात गॅस गिझर आहे का? असेल आणि हवा खेळायला जागा नसेल, तर आजपासून तो बंद ठेवा. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं ठणकतं, मळमळतं, भास होतात, आणि प्रमाण वाढलं तर माणूस न्हाणीतून जिवंत बाहेर येत नाही. विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने १९२१ साली एका कुटुंबाची हकीकत छापली होती. मोठ्या जुन्या घरात राहायला गेल्यावर त्या लोकांना पावलं ऐकू येऊ लागली, माणसं दिसू लागली, मुलं फिकी पडली, घरातली झाडंसुद्धा माना टाकू लागली. शेवटी कळलं की घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरातच पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली, प्रकार थांबले. म्हणून 'भूत' म्हटल्यावर हसायचं नाही, आधी गिझर बघायचा.

आता तुमचा दिवा. तो एलईडी आहे ना? असणारच. इथल्या जुन्या घरांत निम्मं वायरिंग वडिलांच्या काळातलं, निम्मं नंतर कोणी कोणी जोडलेलं. त्यात बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर असायला हवं ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलेलं पुष्कळदा सापडतं. अशा वेळी बटण बंद केलं तरी होल्डरपर्यंत फेज पोचलेलाच असतो. शेजारून धावणाऱ्या तारांमुळे, आणि पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाणी प्यायली की ओलीतूनही, अगदी किरकोळ करंट झिरपतो. जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नसे. एलईडीच्या आत मात्र वीज साठवणारा एक छोटा कपॅसिटर असतो. तो त्या झिरपणाऱ्या करंटवर सावकाश भरत जातो, पुरेसा भरला की बल्ब एकदा चमकतो, रिकामा होतो, पुन्हा भरायला लागतो. थोडक्यात, दोष तीस वर्षांपूर्वीचा, भूत मात्र एलईडीबरोबर आलं. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून जाणाऱ्या करंटनेही हेच होतं.

पडताळा सोपा आहे. रात्री लुकलुकणं सुरू झालं की मेन स्विच पाडा. दिवा थांबला तर तुमच्या भुताला वीज लागते, आणि वीज लागणारं भूत माझ्या कामाचं. पुढे होल्डर उघडणं, टेस्टर लावणं हे स्वतः करू नका, कोणाला तरी बोलवा. आणखी एक: घरातले काही दिवे एकदम मंद आणि त्याच वेळी दुसरे भगभगीत होत असतील, तर न्यूट्रल सुटत असण्याची दाट शक्यता आहे. हे भुतापेक्षा वाईट. यात फ्रीज जळतो, घरही पेटू शकतं. तिथे सकाळची वाट बघू नका.

माळ्यावरच्या पावलांवर फार वेळ घालवत नाही. दिवसभर तापलेलं लाकूड आणि कौलं रात्री निवतात, तेव्हा कटकट वाजतात. उंदीर असतात. आणि उदमांजर असतं, जे चालतं अगदी माणसासारखं दबक्या पावलाने, थांबत थांबत. जवळ पिकलेली पपई किंवा फणस असेल तर ते रोज येणार. किंकाळी ऐकू आली तर गव्हाणी घुबडाची शंका घ्या. ते घुमत नाही, फाटक्या आवाजात किंचाळतं, तोंड पांढरंफटक, आणि राहायला त्याला ओसाड घरं नि चर्चचे मनोरे आवडतात. भुताच्या गोष्टीसाठी याहून सोयीचा पक्षी देवाने केला नसता.

छातीवर बसण्याचा अनुभव मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो आलेल्या माणसाला 'भास असेल' म्हटलं की राग येतो, आणि तो बरोबर असतो. झोपेत स्वप्नं पडतात त्या टप्प्यात मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातलं धावणं आपण खाटेवरून उतरून केलं असतं. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. डोळे उघडे, खोली ओळखीची, पण बोट हलत नाही, ओरडावं तर आवाज फुटत नाही. दीर्घ श्वास घ्यावासा वाटतो नि घेता येत नाही, त्याचं ओझं छातीवर जाणवतं. स्वप्न अजून पुरतं संपलेलं नसतं, म्हणून खोलीत कोणीतरी आहे हे 'दिसतं'. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. वेगवेगळ्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभरातल्या साधारण आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. अपुरी झोप, बदलत्या शिफ्ट, उताणं झोपणं, मनावरचा ताण, या सगळ्याने तो वाढतो. नवी नोकरी, नवं गाव, नवं घर, अनोळखी आवाज: तुमच्याकडे सगळं साहित्य जमलेलंच आहे. कुशीवर झोपून बघा. वारंवार व्हायला लागलं किंवा दिवसाही झोप आवरत नसेल, तर डॉक्टरला दाखवा.

यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट पुढची. अनुभव सगळीकडे तोच, पण बसणारा वेगळा. न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी येऊन बसते. जपानात याला कानाशिबारी म्हणतात. ब्राझीलमध्ये पिसादेइरा नावाची लांब नखांची बाई आहे, ती भरल्या पोटी झोपलेल्यांच्या छातीवर पाय देते. आपल्याकडे घराचा इतिहास विचारला जातो, आणि पडवीत कोणीतरी कधीतरी वारलेलं असतंच. शंभर वर्षांच्या कुठल्या घरात कोणी वारलेलं नाही? शरीर अनुभव देतं, त्याला चेहरा गाव देतं. भुताबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, आणि दिव्याचंही तेच. 'आहे काहीतरी' हे वाक्य शेजाऱ्याने आधी सांगितलं नसतं, तर लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी तुम्ही सरळ मला फोन केला असता.

हे कोणी तपासलं नाही असंही नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत विक टँडी नावाचे एक इंजिनिअर होते. ज्या प्रयोगशाळेत ते काम करत, तिथे त्यांना दडपण यायचं, एकदा डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृतीही दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पकडून ठेवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, तेव्हा त्यांनी शोध घेतला. नवा बसवलेला एक्झॉस्ट पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज करत होता. पंख्याची व्यवस्था बदलली, दडपण गेलं. १९९८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून नेटवर प्रत्येक भुताला '१९ हर्ट्झ' चिकटवला जातो. मला ते एवढं पटत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या संशोधकांनी मुद्दाम एक 'झपाटलेली' खोली बांधली, तिच्यात असा आवाज आणि विद्युतचुंबकीय लहरी सोडायची सोय केली, ७९ जणांना आत पाठवलं, आणि काहीतरी विचित्र जाणवू शकेल असं आधी सांगून ठेवलं. बहुतेकांना काही ना काही जाणवलं, पण लहरी चालू होत्या की बंद, याने फरक पडला नाही. हा अभ्यास २००९ साली छापून आला, आणि त्यातून सगळ्यात जास्त वाव उरला तो मनाच्या सूचनेला. यूट्यूबवरचे भूतशोधक हातात जे दिवे पेटणारं मीटर घेऊन फिरतात, त्याबद्दल धंद्यातला माणूस म्हणून सांगतो: ते भिंतीतल्या तारेजवळ, फ्रीजजवळ, खिशातल्या मोबाइलजवळ पेटणारच. त्याचं कामच ते आहे.

'गोव्यातली झपाटलेली ठिकाणं' या याद्याही तुम्ही वाचल्या असतील. बोरीच्या पुलावर रात्री गाडीसमोर येणारी बाई, राय गावातला इगोर्चे बांध, कासावलीच्या टेकडीवरचं तीन राजांचं चॅपेल. या चॅपेलची गोष्ट म्हणजे तीन राजे सत्तेसाठी भांडले, एकाने दोघांना विष दिलं, आणि आता तिघे तिथे फिरतात. मुळात ते तीन राजे म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले बायबलमधले तीन राजे. ६ जानेवारीला तिथे फेस्त भरतं, आसपासच्या गावांतली तीन मुलं मुकुट घालून राजे होऊन येतात. गोव्याच्या इतिहासात हे विष प्यायलेले राजे कुठे बसतात ते याद्या करणाऱ्यांनी सांगावं. बोरीच्या पुलावरून रात्री मीही येतो-जातो. झोप आली असेल, जुवारी नदीवर धुकं असेल आणि ही गोष्ट डोक्यात असेल, तर तिथे काहीही दिसेल. गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं डुलकी काढावी.

आता थोडं वेगळं. इथल्या माणसासमोर 'भूतबीत काही नसतं' असं छाती ठोकून बोलाल तर तो मान डोलवेल, पण देवचाराचं नाव त्यात घेऊ नका. देवचार म्हणजे गावाच्या सीमेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री फेरी मारतो असं मानतात. त्याला रोट (जाड भाकरी), विडी, सोरो (दारू) ठेवतात, घर बांधताना, काजूचा हंगाम सुरू करताना सांगणं, म्हणजे गाराणं घालतात. गोव्याच्या सीमेपलीकडे, सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या चपला वाहतात, कारण गावाची राखण करत हिंडून त्याच्या चपला झिजतात, आणि गोव्यातूनही पुष्कळ लोक तिथे केळ्यांचे घड घेऊन जातात. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा, आणि तोच इथे कितीतरी गावांचा ग्रामदेव. हे भीतीचं नातं नाही, शेजाराचं आहे. सत्तरी तालुक्यातल्या देवरायांत कोणी कुऱ्हाड घालत नाही, तेही याच धाकाने. बांबर इथली निरंकाराची राय बघून या. दलदलीत उभी रानटी जायफळाच्या जातीची झाडं, त्यांची मुळं गुडघे वर काढल्यासारखी चिखलातून बाहेर आलेली. संध्याकाळी तिथे उभं राहिलात तर मी लिहिलेलं सगळं घटकाभर विसराल. असं रान गोव्यात फार थोड्या ठिकाणी उरलंय, आणि ते राखणाऱ्याला मी पुरावा मागायला जाणार नाही.

पुरावा मागायचा तो पैसे मागणाऱ्याकडे. 'बाहेरचं आहे' म्हणून कोंबडा, मग हजार, मग वीस हजार, आणि ज्या मुलीला बाधा झाली म्हणतात ती तोवर आठवडाभर झोपलेली नसते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांनी ज्यासाठी जन्म घालवला तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात त्याच वर्षी आला. घरातल्या कोणाला सतत आवाज ऐकू येत असतील तर बांबोळीला मनोरुग्णालय आहे. १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइनही आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

पण आवाज ऐकू येणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. एका घरी नवं वायरिंग करताना मी दारावरची जुनी बेल काढायला घेतली, तर आजी आतून आल्या. "ती रावूं दी रे पुता." बेल कधीची बंद पडली होती. त्यांचे यजमान वारल्याला वर्ष झालं होतं, आणि संध्याकाळी बाजारातून ते येण्याच्या वेळेला त्यांना ती बेल ऐकू यायची, मग सोप्यावरचा खोकला. हे सांगताना त्या घाबरलेल्या नव्हत्या, पिठाचे हात पुसत होत्या. मी नवी बेल शेजारी बसवली, जुनी तशीच ठेवली. वेल्समधले डॉ. रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवतं, कधी दिसतो, कधी बोलतो असं सांगितलं. बहुतेकांनी ते कोणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. पुष्कळांना त्याचा आधारच वाटत होता. अशा ठिकाणी वायरमनने आपला टेस्टर खिशात ठेवावा.

घर सोडावं का, तर नाही. वायरिंग तपासून घ्या, कुशीवर झोपा, माळ्यावर दिवसा कोणाला तरी चढवून कौलांतली फट बुजवा. आणि मालक म्हणाले की एकदा देवचाराला सांगणं घालूया, तर नाही म्हणू नका. नारळ तुम्ही आणा, गाराणं ते घालतील. त्या निमित्ताने वाड्यावरची चार माणसं ओळखीची होतील, आणि रात्री दिवे गेले की हाक मारायला तीच लागतात.