ब्रेकचा आवाज आणि पॅडची निवड

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी सात वर्षांची असून ४८,००० किलोमीटर चालली आहे. पावसाळ्यापासून ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून कर्कश आवाज येतो. गॅरेजमध्ये पॅड काढून पॉलिश पेपरने घासून दिले. आठ दिवस बरे गेले आणि आवाज पुन्हा सुरू झाला. आता पॅड आणि डिस्क दोन्ही बदला, असे सांगतात. दुकानात पॅडच्या किमतींत दुपटी-तिपटीचा फरक दिसतो. सिरॅमिक पॅड घेतले तर आवाज कायमचा जाईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आवाज नेमका केव्हा येतो हे आपण लिहिलेले नाही आणि निदान बरेचसे त्यावरच अवलंबून असते. कोकणातल्या पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बिडाच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या चार-सहा वेळा ब्रेक दाबल्यावर तो खरवडला जातो आणि आवाज थांबतो. एवढेच होत असेल तर काहीही बदलू नका. दिवसभर आवाज येत असेल तर मात्र चाक उतरवून, ब्रेक लागताना डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडची जाडी पाहिली पाहिजे. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलावेत. अनेक पॅडना एक छोटी पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते, जी थर संपत आला की डिस्कला घासून किंचाळते. आवाज किंचाळण्याचा नसून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखरीत असेल तर गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या.

आपल्या बाबतीत मला वेगळीच शंका येते. खडू फळ्यावर विशिष्ट कोनात धरला की जसा किंचाळतो, तसाच पॅडही डिस्कवर अडखळत घासला की अतिशय वेगाने थरथरतो, आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. पॉलिश पेपरने पॅडवरची चकाकी जाते, पण कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या असतील, किंवा पॅडमागची शिम (पातळ पत्र्याची चकती) आणि क्लिपा सैल झाल्या असतील, तर थरथर पुन्हा सुरू होणारच. आतल्या आणि बाहेरच्या पॅडची झीज कमी-जास्त दिसली तर पिना अडकत आहेत असे समजावे. त्या साफ करून त्यांना ब्रेकसाठीच मिळणारे, उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावून घ्या; साध्या ग्रीसने पिनांवरची रबरी टोपणे फुगतात. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये. आवाज बंद करण्यासाठी तेथे तेल फवारणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

डिस्क बदलण्यापूर्वी तिची जाडी आपल्यासमोर मायक्रोमीटरने मोजायला सांगा. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. माप त्याहून पुरेसे जास्त असेल, खोल चरे नसतील आणि ब्रेक दाबताना पॅडल थरथरत नसेल, तर डिस्कवर खर्च करू नये.

पॅड बदलावेच लागले तर सिरॅमिकचा आग्रह धरू नका. त्यांचा आवाज आणि काळी भुकटी कमी असते हे खरे, पण सुकलेल्या पिनांवर तेही किंचाळतील. धातूचे प्रमाण अधिक असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, मात्र आवाज अधिक करतात आणि डिस्कही लवकर झिजवतात. आपल्यासारख्या छोट्या गाडीला मूळ कंपनीचे किंवा तिला पॅड पुरवणाऱ्या उत्पादकाचे पॅड उत्तम. अनेक पॅडच्या कडेवर ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी अक्षरांची जोडी छापलेली असते. पहिले अक्षर थंड पॅडची पकड सांगते, दुसरे तापलेल्या पॅडची. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक (पकडीचे माप) ०.३५ ते ०.४५, ‘ई’ म्हणजे त्याखालची पायरी. कुंभार्ली घाट उतरणाऱ्याने दुसरे अक्षर ‘ई’ असलेले स्वस्त पॅड घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलावेत. बसवून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, कारण पहिल्या काही दाबांत ब्रेक लागतच नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० किलोमीटरपर्यंत वेग बेताने उतरवणे आठ-दहा वेळा, मध्ये थोडे अंतर राखून करावे, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात.

प्रश्न : ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते आहे. गळती कुठेच दिसत नाही. वरून भरत राहावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भरण्याआधी पॅड तपासा. पॅड झिजतात तसा त्यांना डिस्कवर ढकलणारा कॅलिपरचा पिस्टन पुढे येतो आणि टाकीतले ऑइल त्याच्यामागची जागा भरते. आपण वरून भरले आणि नंतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला, की ऑइल टाकीबाहेर येऊन गाडीचा रंग खाते. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहेच. ती चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर सिलिंडरपाशी (पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपापाशी) शोधून घ्या, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.