स्टीअरिंग जड झालंय? पंप बदलायच्या आधी हे बघा

जुन्या फोर बाय फोर बोलेरोचं पॉवर स्टीअरिंग जड झालं की गॅरेजवाला थेट पंपाकडे बोट दाखवतो. घाई करू नका. पुढच्या टायरची हवा तपासा, मग पंप फिरवणारा बेल्ट: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 मिमी दबावा. त्यावर चिखल-तेल असेल तर वळवताना घसरून किंचाळतो.

आता पॉवर स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. तेल ताकासारखं फेसाळ दिसलं तर हवा शिरतेय, बहुधा टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या सैल क्लिपमधून. तिथे गळती दिसतेच असं नाही, पंप नुसती हवा ओढतो. म्हणून भलेभले फसतात. पाइप कडक झाला असेल तर क्लिपसकट बदला.

हवा काढताना इंजिन बंद, पुढची चाकं वर, खाली स्टँड. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश 15-20 वेळा फिरवा, तेल भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच स्टार्टर. टोकाला 5 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो. तेल मॅन्युअलमधलंच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील खराब होतात.

तरीही आयडलला जड आणि रेस दिल्यावर हलकं? मग पंपावर संशय घ्या. एकाच बाजूला जड असेल तर स्टीअरिंग बॉक्स. चाकं उचलूनही अडकत फिरत असेल तर चाकाकडचा बॉल जॉइंट किंवा स्टीअरिंग शाफ्टचा गंजलेला क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा).