‘चेअर्स’ चालतं, मग ‘फर्निचर्स’ का नाही?

उत्तर मोंढ्यात सापडतं. लातूरच्या मोंढ्यात कुणी ‘दोन ज्वाऱ्या द्या’ म्हणतं का? दोन पोती, दोन क्विंटल म्हणतात. ज्वारी हे नाम न मोजता येणारं; मोजायचं ते पोतं. इंग्रजीतही ‘टू राइसेस’ नाही, ‘टू बॅग्ज ऑफ राइस’. फर्निचर तसंच, खुर्ची-टेबल-कपाट मिळून झालेला एक ढीग. म्हणून ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’. लगेज, इन्फर्मेशन याच पंगतीतले, त्यांनाही मागे ‘स’ लावायचा नाही.

आपली पोरं अडकतात ती वेगळ्याच जागी. मराठीत दोन सल्ले, चार बातम्या बिनधास्त मोजतो. इंग्रजीत मात्र ‘ॲडव्हाइस’ मोजत नाहीत, आणि ‘न्यूज’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘एस’ असूनही ते एकवचनी: ‘द न्यूज इज गुड’, ‘आर’ नाही. मीही दहावीपर्यंत ‘ॲडव्हायसेस’च लिहीत होतो, अन् गुरुजींचा लाल पेन काही थांबत नव्हता!

आणखी एक: अशा नामांआधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागत नाही, ‘सम’ लावा. ‘मेनी’ नको, ‘मच’. शंका आली तर शब्दकोशात नामापुढे ‘अनकाउंटेबल’ लिहिलंय का, तेवढं बघा.