सुट्टीत थेरपी थांबवावी का?

प्रश्न : माझा ६ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. मे महिन्यात थेरपी केंद्राच्या उन्हाळी शिबिराला पाठवल्यास स्पीच थेरपी बंद ठेवली तर चालेल का? – एक आई, फोंडा

उत्तर : बंद ठेवू नये, दिनक्रम एकाएकी मोडला की ही मुले बिथरतात. शिबिराची जागा आधी रिकामी असताना दाखवून आणावी आणि दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावून द्यावा. मिरामारच्या वाळूत अनवाणी चालणे किंवा घरी रातांब्यांच्या साली वाळत घालणे हाही स्पर्शाचा सरावच असतो. मात्र चिकट बोटे झटकून तो मागे सरकला, तर तिथेच थांबावे (हे शिबिरातील ताईंनाही आवर्जून सांगावे). राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो.