कटिंगचा ग्लास, जलरंगात

चित्र बघताना ‘अगदी खरा वाटतो!’ म्हणून पुढे सरकू नका. नवीन माणसाची पहिली चूक तीच. समोर कटिंग चहाच्या ग्लासाचं चित्र आहे असं धरा.

आधी पांढरं शोधा. पारदर्शक जलरंगात पांढरा सहसा लावत नाहीत. काठावरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद, पहिल्या हातापासून सांभाळलेला. मी कितीतरी दिवस ती वरून लावलेली समजत होतो! (काही जण शेवटी गवाशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, पांढरा ठिपका देतात, तो काही गुन्हा नाही.)

मग उभ्या कंगोऱ्यांवर या. साध्या काचेला स्वतःचा रंग जवळपास नसतोच. एका पट्टीत चहाचा तपकिरी, शेजारी टेबलाचा निळसर, तिसरीत वाकडी झालेली खिडकी. कुठे कड सुरीसारखी, कुठे ओल्यात विरघळलेली.

आणखी दोन गोष्टी:
- सावलीतही बघा. काचेतून आलेला प्रकाश गोळा होऊन तिथे बहुधा उजेडाचा डाग पडतो.
- लगेच नाक लावू नका, आधी दोन पावलं मागे.

कागदाचं वजन, रंगद्रव्यं वगैरे नंतर. आज घरातलाच ग्लास खिडकीत ठेवून ५ मिनिटं बघा.